‘टँकर येऊ दे’पासून ‘मला बदल’पर्यंत: प्रार्थनेतला बदल अभ्यासायचा कसा?

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक असं आहे: ‘घोडबंदर रोड परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनेचा ऐहिक सुखाकडून आध्यात्मिक वाढीकडे होणारा प्रवास’. भारदस्त आहे. पण मुलाखतीत कुणी विचारलं, ‘हा प्रवास झाला हे तुम्ही ओळखणार कसं?’, तर काय सांगाल?

हा प्रश्न या एकाच विषयाचा नाही. माणसाच्या आत होणारा बदल बाहेरून कसा ओळखायचा, हा समाजशास्त्र, धर्माभ्यास, मानसशास्त्र अशा सगळ्याच विषयांचा प्रश्न आहे. प्रार्थनेच्या निमित्ताने तो सोडवून बघू.

चर्चमधल्या प्रवचनांत हा विषय जुनाच आहे. देवाकडे नुसती नोकरी, घर, व्हिसा मागू नका, त्याच्या जवळ जा, असं सांगितलं जातं. आपल्याकडे सकाम भक्ती आणि निष्काम भक्ती हे शब्द आयते आहेत, त्यामुळे विषय लगेच कळल्यासारखा वाटतो. इथेच सावध व्हा. प्रवचन काय व्हायला हवं ते सांगतं. संशोधनाला काय होतं ते शोधायचं असतं.

आधी ‘ऐहिक’ म्हणजे काय ते ठरवा

माजिवड्याहून निघा आणि मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत गायमुखापर्यंत जा. उंच इमारती, त्यांच्या फाटकाशी पाण्याचे टँकर, गृहकर्जाचे हप्ते आणि घाटातली वाहतूक कोंडी. इथल्या एखाद्या घरात रात्री रोझरी म्हणताना कुणी पाणी मागितलं, तर ते ‘ऐहिक सुख’ मागणं झालं का? पाणी ही सुखसोय नाही, गरज आहे. मग घराचा हप्ता? मुलाची नोकरी? आजारी आईचं ऑपरेशन? रेघ कुठे मारायची, हे तुम्हाला क्षेत्रात उतरण्याआधी लिहून काढावं लागेल. नाहीतर प्रत्येक मुलाखतीत ती रेघ तुमच्या मूडप्रमाणे सरकेल.

ही रेघ ख्रिस्ती परंपरेलाही सोपी गेलेली नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा यांनंतर लगेच भाकर येते आणि क्षमा त्या भाकरीनंतर. बरं, ही भाकर कसली? मूळ ग्रीकमध्ये तिला ‘एपिऊसिओस’ हे विशेषण आहे. ते इतकं दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला हा शब्द शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा असं वाटलं. संत जेरोमने लॅटिन बायबल सिद्ध करताना तोच शब्द लूकच्या शुभवर्तमानात ‘रोजची’ असा ठेवला आणि मत्तयच्या शुभवर्तमानात ‘भौतिकापलीकडची’ अशा अर्थाचा केला. म्हणजे एकच भाकर एका ठिकाणी ताटातली आणि दुसऱ्या ठिकाणी आत्म्याची! जिथे मूळ शब्दच दोन्हीकडे वळतो, तिथे ‘ऐहिक’ आणि ‘आध्यात्मिक’ असे दोन कप्पे करून प्रश्नावली बनवली तर उत्तरं चुकीच्या कप्प्यात पडणारच.

आधीच्या संशोधकांनी काय केलं?

दोन नावं तुमच्या साहित्य-आढाव्यात हवीतच. पहिलं फ्रीडरिश हायलर. त्याचं ‘दास गेबेट’ म्हणजे ‘प्रार्थना’ हे जर्मन पुस्तक १९१८ साली आलं. त्याने प्रार्थनेचे प्रकार पाडले. त्यातले दोन आपल्या कामाचे. गूढवादी प्रार्थना मागणं कमी करत करत देवाशी एकरूप होण्याकडे जाते. संदेष्ट्यांच्या परंपरेतली प्रार्थना मात्र मन मोकळं करते, तक्रार करते, मागतेसुद्धा. हायलर या दुसरीला कमी दर्जाची मानत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणजे ‘मागणं सुटलं की प्रगती’ हे गृहीतक त्याच्याच वर्गीकरणात टिकत नाही.

दुसरा मार्सेल मॉस. प्रार्थना हाच त्याच्या प्रबंधाचा विषय होता. १९०९ साली त्याने सुरुवातीचा भाग छापला, पण प्रबंध शेवटपर्यंत पूर्ण झाला नाही. (पीएचडी रखडली म्हणून खचलेल्यांनी हे लिहून ठेवा.) त्याचं म्हणणं असं की एकांतातली प्रार्थनाही सामाजिक असते, कारण तिचे शब्द, वेळ, पद्धत माणसाला समाजाकडून मिळालेली असते. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: एकट्या माणसाचं मन मोजत बसू नका. तो कुठल्या मंडळीत, कुठल्या भाषेत, कुणाबरोबर प्रार्थना करतो तेही बघा. घोडबंदर रोडवर ठाण्याचे जुने ईस्ट इंडियन आहेत, तसे केरळ, मंगळूर, गोवा, अहमदनगरकडून आलेलेही आहेत. प्रत्येकाची प्रार्थनेची सवय वेगळी.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आविलाच्या संत तेरेसाचं उदाहरण घ्या. सोळाव्या शतकातल्या या स्पॅनिश जोगिणीने आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेची तुलना बाग शिंपण्याशी केली आहे. चार रीती: विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढणं, रहाटाने काढणं, ओढ्याचं पाणी खेळवणं आणि शेवटी पाऊस. पुढे पुढे माळ्याचे कष्ट कमी होत जातात आणि देवाकडून येणारं पाणी वाढतं. पण चारही रीतींमध्ये बाग तीच, आणि प्रश्नही तोच: फुलं आली का? फुलं म्हणजे सद्गुण. संशोधकाला यातून एक खूण मिळते. बदल प्रार्थनेच्या शब्दांत शोधण्याऐवजी प्रार्थनेनंतरच्या वागण्यात शोधावा.

केडगावचा पुरावा

आता महाराष्ट्रातलंच एक प्रकरण घेऊ. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकात दुष्काळ आणि उपासमारीत आई-वडील आणि बहीण गमावली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना जाणवलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवांना आणून केडगावला आश्रय दिला. १९०० च्या दुष्काळात आणखी मुली आल्या. धान्य, कपडे, विहिरी, सगळ्यासाठी देणग्या लागत आणि त्यासाठी प्रार्थना होई.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन खास प्रार्थना करायला बोलावलं. सुरुवातीला ७० जणी आल्या, जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली. मागणं होतं स्वतःसकट सगळ्या भारतीय ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या परिवर्तनाचं आणि सगळ्या देशांतल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा यावा याचं. जूनच्या शेवटी तिथे ते प्रसिद्ध ‘संजीवन’ सुरू झालं: पापांची कबुली, रडणं, शेकडो मुलींची एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर १९०६ साली पुस्तिका लिहिली. ती चिलीपर्यंत पोचली आणि १९०९ मध्ये तिथे सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या मुळाशी तिचं नाव घेतलं जातं.

हे वाचून हात शिवशिवतात एक छान आलेख काढायला: १८९७ ला धान्य मागितलं, १९०५ ला आत्मा मागितला, झाला प्रवास! पण थोडं थांबा. १९०५ नंतरही केडगावचं स्वयंपाकघर, शेती, विणकाम, छापखाना चालूच होता. संस्था देणग्यांवरच उभी होती, म्हणजे पैशासाठीची प्रार्थनाही थांबली नव्हती. मग बदललं काय? माझ्या वाचनात एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या मुलींसाठी इतर लोक प्रार्थना करत होते, त्या आता इतरांसाठी प्रार्थना करू लागल्या. त्यांचे गट आसपासच्या गावांतही जाऊ लागले. ‘काय मागितलं’ या यादीपेक्षा ‘कुणासाठी मागितलं’ यात बदल मोठा आहे.

एक इशारा. ही साधनं बहुतेक संस्थेच्या आतली आहेत: साक्ष, मिशनऱ्यांचं लेखन, पत्रकं. त्यांत मुलींचा स्वतःचा आवाज कमी आणि त्यांच्याबद्दल बोलणाऱ्यांचा जास्त आहे. हे तुमच्या प्रबंधात स्पष्ट लिहिलं पाहिजे.

मग मोजायचं काय?

घोडबंदर रोडच्या अभ्यासासाठी मी चार प्रश्न सुचवेन.

१. मागणं कुणासाठी आहे? स्वतः, घर, शेजारी, अनोळखी, की आपलं वाईट करणारा माणूस?

२. प्रार्थनेत मागण्याशिवाय काय आहे? आभार, कबुली, तक्रार, गप्प बसणं?

३. प्रार्थनेनंतर कुठली कृती होते? सोसायटीला पाणी मिळावं म्हणणारा माणूस वॉचमनच्या खोलीत पाणी येतं का हे बघतो का?

४. मागितलेलं मिळालं नाही तेव्हा काय झालं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात नाजूक. आजारी मूल बरं झालं नाही. अशा वेळी कुणी प्रार्थना सोडतो. कुणी ‘माझाच विश्वास कमी पडला’ म्हणून स्वतःला दोष देतो. श्रद्धा असेल तर संपत्ती आणि आरोग्य मिळणारच, असं शिकवणाऱ्या प्रचारात हा दोष पक्का होतो. आणि कुणाची प्रार्थना बदलते. बायबलमध्ये याची उदाहरणं आहेत. गेथशेमाने बागेत येशू आधी दुःखाचा प्याला टळावा असं मागतो आणि मग पित्याच्या इच्छेला शरण जातो. पौल आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवतो, काटा जात नाही, पण त्याला सोसण्याचं बळ मिळतं. दोघांनीही मागणं टाळलेलं नाही. वाढ मागण्याच्या पलीकडे झाली, पण मागण्यातूनच झाली. म्हणून तुमच्या मूळ शीर्षकातला ‘कडून-कडे’ मला खटकतो. ‘ऐहिक मागणी आणि आध्यात्मिक वाढ यांतील संबंध’ असं म्हटलं तर निष्कर्ष आधीच ठरवल्यासारखा होत नाही.

साधनं आणि मर्यादा

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. ठाण्याहूनही लोक तिथे जातात. ‘ज्ञानोदय’ (१८४२) आणि ‘निरोप्या’ (१९०३) यांचे जुने अंक प्रार्थनेची भाषा कशी बदलली ते पाहायला उपयोगी पडतील. पण नोव्हेनाच्या पेटीतल्या चिठ्ठ्या? पेटी सार्वजनिक जागेत असली तरी चिठ्ठी देवाला लिहिलेली आहे, तुम्हाला नाही. चर्चची परवानगी पुरेशी नाही. लिहिणाऱ्याची संमती नसेल तर त्या डेटाला हात लावू नका, फोटोही नको.

शेवटची गोष्ट वर्गीकरणाबद्दल. मराठी ख्रिस्ती समाजातली बरीच कुटुंबं दलित पार्श्वभूमीची आहेत. अशा घरातल्या बाईने मुलीसाठी नोकरी मागितली, तर त्यात पगाराबरोबर मान मागितलेला असतो. ती नोंद तुम्ही ‘ऐहिक सुख’ या रकान्यात टाकली आणि एसी हॉलमध्ये मौन ध्यान करणाऱ्याची ‘आध्यात्मिक वाढ’ या रकान्यात, तर तुम्ही प्रार्थना मोजली नाही, त्या दोघांची ऐपत मोजलीत.

पुढच्या आठवड्यासाठी गृहपाठ: तुम्ही कुठल्याही धर्माचे असा किंवा नसा, ओळखीच्या तीन माणसांना, त्यांची तयारी असेल तरच, एवढंच विचारा: ‘मागितलं आणि मिळालं नाही, असं कधी झालं का? मग काय केलंत?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, त्याच दिवशी. रकाने नंतर आखा.