घरातलं व्हायोलिन विकताना

बेळगाव-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत कपाटावर एखादं जुनं व्हायोलिन अजून सापडतं. गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवायचे, तिथून हे वाद्य घराघरांत पोचलं. आता वाजवणारे देवाघरी गेले, मुलं परदेशी. वाद्याला वाळवी लागण्यापेक्षा ते वाजवणाऱ्या हातात गेलेलं बरं, असं माझं मत. पण गिऱ्हाईक बहुधा लांबचं, पुण्याचं नाहीतर बंगळूरचं, आणि सौदा फोनवर. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, वस्तू आहे तशी सांगा. आत डोकावल्यावर ‘स्ट्रादिव्हारियस’ अशी चिठ्ठी दिसली तर हुरळून जाऊ नका. क्रेमोनाचा तो कारागीर १७३७ साली वारला. पुढं जर्मनी-बोहेमियात त्याच्या नावाची चिठ्ठी लावून व्हायोलिनं ढिगानं तयार झाली. तडा असेल, खुंटी सैल असेल, तर त्याचाही फोटो पाठवा. व्हिडिओ कॉलवर कुणाकडून तरी वाजवून दाखवा. घेणाऱ्यालाही फसण्याची भीती असतेच की! जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल, तर तो विकायला काढू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. आमच्या धर्मग्रामातल्या एका विधवा बाईंना फोन आला, ‘मी लष्करात आहे. व्हायोलिन न बघताच घेतो. क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, ‘बाई, दुकानात आपण पिन कधी टाकतो? पैसे देताना. मग घेताना कशाला?’ त्यांनी फोन ठेवला आणि पेन्शनचे पैसे वाचले. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही, ओटीपी तर नाहीच. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ हाही जुनाच डाव. ‘पैसे जमा’ असा मेसेज कुणीही पाठवू शकतो. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय वाद्य घराबाहेर काढू नका. चेक असेल तर तो वटेपर्यंत थांबा.

तिसरी, बांधणी. तारा थोड्या सैल करा, पण पुऱ्या सोडू नका. ताण गेला की घोडी पडते, पोटातली उभी काठीही पडू शकते. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड ठेवा, गजाचे केस ढिले करा. वाद्य त्याच्या पेटीत हलता कामा नये. ती पेटी मोठ्या खोक्यात ठेवून चहूबाजूंनी कागदाचे बोळे भरा. बांधतानाचे फोटो काढा, पार्सलचा विमा उतरवा, पावती जपून ठेवा.

आणि चौथी. एवढं करूनही कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. म्हाताऱ्या माणसाची लाज हेच या चोरांचं भांडवल आहे. ते त्यांना देऊ नका.