घर आपले, दर्शन सर्वांचे

बाजारपेठेत वाढलेल्या माणसाची सहज धारणा अशी असते की, जागा आपल्या मालकीची आणि पैसा आपल्या कष्टाचा असेल, तर इमारतीचा रंग, दुकानाची पाटी आणि अंगणातील झाड ठरविण्याचा अधिकारही आपलाच. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंटात वसलेल्या स्कॉट्सडेल नगरात हा अधिकार मालक आणि नगर यांच्यात वाटलेला आहे. भिंतीच्या आत काय असावे, हे बहुतांशी मालक ठरवितो. रस्त्यावरून जाणाऱ्याला जे दिसते, त्यात मात्र नगराचाही शब्द असतो.

विन्फिल्ड स्कॉट या सैन्यातील धर्मोपदेशकाने १८८८ साली येथे जमीन घेतली, तेव्हा हा उजाड माळ होता. १९५१ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ४१ हजारांवर गेलेली होती. वाळवंटात इतक्या वेगाने वाढणाऱ्या गावापुढे दोन वाटा असतात. वाळवंट पुसून टाकून दुसरीकडचे गाव येथे आणून बसवायचे, किंवा वाळवंटाला सोबत घेऊन राहायला शिकायचे. स्कॉट्सडेलने दुसरी वाट धरली. ती वाट सोपी नव्हती आणि आजही वादातीत नाही.

मंडळापुढे येणारा आराखडा

एखाद्या व्यावसायिकाला येथे दुकानांचे संकुल उभारायचे आहे, असे समजू. त्या जमिनीवर व्यापारी वापर चालेल की नाही, हा पहिला प्रश्न. त्याचा विचार नियोजन आयोग करतो आणि निर्णय नगरपरिषद देते. इमारत दिसेल कशी, हा त्यापुढचा प्रश्न. त्यासाठी, राज्याच्या २०२४ च्या कायद्यापूर्वीच्या पद्धतीत, ‘विकास परीक्षण मंडळ’ नावाची ७ सदस्यांची संस्था होती. तिच्यात नगरपरिषदेचा १ सदस्य, नियोजन आयोगाचा १ सदस्य आणि वास्तुरचना, उद्यानरचना किंवा बांधकाम या क्षेत्रांची जाण असलेले ५ नागरिक असत.

इमारतीची उंची आणि ठेवण, भिंतीचे साहित्य, छपरावरील यंत्रे झाकण्याची सोय, वाहनतळावरील सावली, दिव्यांची दिशा, पावसाच्या पाण्याची वाट आणि लावावयाच्या झाडांची यादी, असे सर्व काही आराखड्यात द्यावे लागते. मंडळाची तपासणी मुख्यतः व्यापारी इमारती आणि मोठ्या वसाहतींसाठी होती. एखाद्या कुटुंबाचे स्वतंत्र घर सहसा मंडळापुढे येत नसे, त्याची छाननी नगराचे कर्मचारी करतात. मंडळाचा निर्णय मान्य नसेल, तर नगरपरिषदेकडे दाद मागता येत असे.

अशा तपासणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र स्कॉट्सडेलचे नसून त्याच राज्यातील, उत्तरेकडच्या सेडोना या गावाचे आहे. तेथील लाल खडकांचे डोंगर पाहायला जगभरातून लोक येतात. १९९३ साली तेथे मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह उघडायचे होते. कंपनीच्या पिवळ्याधमक कमानी लाल डोंगरांपुढे खटकतील, असे गावाचे म्हणणे पडले. अखेर कमानी निळसर हिरव्या रंगात उभ्या राहिल्या. धंदा बुडाला नाही. उलट त्या आगळ्या कमानींपुढे उभे राहून छायाचित्र काढण्यासाठी प्रवासी मुद्दाम तेथे थांबू लागले.

रंगाचे माप

स्कॉट्सडेलच्या उत्तर व पूर्व भागातील डोंगर, उतार आणि ओहोळ यांच्या रक्षणासाठी १९९१ साली ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भूमी’ नियम लागू झाले. जमिनीचा उतार जितका तीव्र, तितका तिचा अधिक भाग नैसर्गिक स्थितीत कायम राखावा लागतो. हा भाग मालकाच्याच नावावर राहतो, पण त्यावर त्याला बांधकाम करता येत नाही, की तेथील झुडपे काढून बाग फुलविता येत नाही. पुढे जमीन विकली, तरी हे बंधन जमिनीबरोबरच जाते.

याच भागात रंगालाही माप आहे. पडलेल्या प्रकाशापैकी ३५ टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकणारा रंग बाहेरच्या भिंतीला लावता येत नाही. त्यामुळे येथील घरे मातीच्या, खडकाच्या आणि सुकलेल्या गवताच्या छटांत दिसतात. दुरून पाहिले, तर वस्ती डोंगरात मिसळून गेलेली भासते.

येथे एक खरी अडचण आहे. उष्ण प्रदेशात फिकट भिंत ऊन परतवते आणि गडद भिंत ते शोषून घेते, हे घर बांधणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर राहिले. अशा काळात डोंगराशी मेळ साधणारा गडद रंग हवा की घर थंड ठेवणारा फिकट रंग, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. भिंतीची जाडी, खोल सज्जे, वळचणीची सावली आणि खिडक्यांची दिशा यांतून काही उत्तर निघते, पण नियम आणि निसर्ग यांच्यातली ही ओढाताण संपलेली नाही.

राजस्थानशी नाते असलेल्या कुटुंबांना हे कोडे अनोळखी वाटणार नाही. जैसलमेरमध्ये पटवा या व्यापारी घराण्याने १८०५ च्या सुमारास हवेल्या बांधायला आरंभ केला. तेव्हा तेथे कोणतेही परीक्षण मंडळ नव्हते. तरीही त्या पाच हवेल्या गावाच्याच पिवळ्या दगडात उभ्या राहिल्या. अरुंद गल्ली, कोरीव झरोके, आतला चौक आणि जमिनीखालचे टाके ही मरुभूमीची जुनी शहाणीव होती. दगड जवळचा होता, कारागीर गावचे होते आणि पाणी मोजके होते. त्या मर्यादांनीच बांधणाऱ्याचा हात आवरला. आज काच, पत्रा आणि रंग जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आणता येतात. पूर्वी परिस्थितीने घातलेली मर्यादा आता माणसांना एकत्र बसून ठरवावी लागते.

झाडांची शिरगणती

सोनोरन वाळवंटाची ओळख म्हणजे सग्वारो हा उंच निवडुंग. त्याची वाढ फार संथ असते. पहिल्या दहा वर्षांत तो जेमतेम बोटभर वाढतो. त्याला बाजूचे हात फुटायला साधारणतः ५० ते ७५ वर्षे, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्याचे आयुष्य दीडशे वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक असते. तोडलेला सग्वारो त्याच माणसाच्या हयातीत पुन्हा उभा राहत नाही.

म्हणून येथे बांधकामापूर्वी जमिनीवरील संरक्षित झाडांची मोजणी होते. कोणते जागेवर राहणार आणि कोणते हलविणार, याची नोंद नकाशावर करावी लागते. पालो व्हर्डे, मेस्कीट, आयर्नवुड यांसारखे वृक्ष मुळांसकट खणून मोठ्या लाकडी पेट्यांत ठेवतात, बांधकाम चालू असेपर्यंत पाणी घालून जगवितात आणि मग त्याच जागेत पुन्हा लावतात. खर्च मालकाचा असतो. परवानगीवाचून संरक्षित वनस्पती काढणे हा राज्याच्या कायद्यानेही गुन्हा आहे.

एका पुराची शिकवण

नगराच्या मध्यातून इंडियन बेंड नावाचा कोरडा ओहोळ जातो. वर्षातले बहुतेक दिवस तो रिकामा असतो आणि वादळी पावसात एकाएकी दुथडी भरून वाहतो. १९६० च्या दशकात सैन्याच्या अभियंता विभागाने त्यासाठी खोल काँक्रीटचा कालवा सुचविला. पूर आवरला असता, पण गावाच्या मधोमध एक रुक्ष खंदक कायमचा पडला असता. नागरिकांनी वेगळी मागणी केली. पुराला वाहायला रुंद जागा द्यावी आणि उरलेल्या काळात तीच जागा उद्याने, तळी, पायवाटा आणि खेळाची मैदाने म्हणून वापरावी. जून १९७२ मध्ये मोठा पूर आला. १९७३ साली मतदारांनी या कामासाठी कर्जरोखे मंजूर केले. आज सुमारे १८ किलोमीटर लांबीचा हा हरितपट्टा नगराचे भूषण मानला जातो.

डोंगरांच्या रक्षणासाठीही लोकांनी स्वतःच्याच खिशाला हात घातला. १९९५ साली मतदारांनी विक्रीवर ०.२ टक्क्याचा जादा कर मंजूर केला आणि २००४ साली आणखी ०.१५ टक्क्याचा. म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीमागे ३५ सेंट मॅकडॉवेल डोंगराची जमीन विकत घेण्याकडे व सांभाळण्याकडे जाऊ लागले. प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यातून थेंबाथेंबाने साठलेल्या या पैशातून ३० हजार एकरांहून अधिक भूमी राखली गेली. पुढे याच राखीव भूमीत प्रदर्शन-केंद्र बांधण्याची योजना आली. २०१८ साली मतदारांनी सनदेत दुरुस्ती केली आणि लोकांच्या मतदानावाचून तेथे असे बांधकाम होणार नाही, अशी तरतूद केली.

पाण्याचा हिशेब

या नगराचे बरेचसे पाणी कोलोरॅडो नदीतून ५०० किलोमीटरहून लांब कालव्याने येते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या नदीवर प्रथमच अधिकृत पाणीटंचाई जाहीर झाली आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्यात कपात झाली. मग अंगणातील हिरवळीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. १५ ऑगस्ट २०२३ नंतर परवानगी मिळालेल्या नव्या घरांपुढे नैसर्गिक हिरवळ लावण्यास स्कॉट्सडेलने बंदी केली. एके काळी हिरवळ हे समृद्धीचे लक्षण होते. त्याच गावात आता कमी पाण्यावर जगणारी झुडपे आणि खडीचे अंगण शिष्टसंमत ठरले.

वेळीच विचार झाला नाही, तर काय होते, याचा दाखला नगराच्या सीमेबाहेरच मिळाला. ॲरिझोनाच्या १९८० च्या कायद्यानुसार, ज्या भागांत भूजलावर नियंत्रण आहे तेथे ६ किंवा अधिक भूखंडांची वसाहत पाडताना १०० वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. रिओ व्हर्डे फूटहिल्स या भागात जमिनीचे त्याहून कमी तुकडे पाडून घरे विकली गेली, त्यामुळे हमीची अट लागू झाली नाही. शेकडो घरे स्कॉट्सडेलमधून टँकरने येणाऱ्या पाण्यावर राहिली. १ जानेवारी २०२३ रोजी नगराने आपल्या रहिवाशांच्या गरजेचे कारण देऊन हा पुरवठा थांबविला. लक्षावधी डॉलरच्या घरांत लोक पावसाचे पाणी बादल्यांत धरू लागले. काही महिन्यांनी राज्याच्या हस्तक्षेपाने तात्पुरती सोय झाली, पण घर घेताना न विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत त्या कुटुंबांना मोजावी लागली.

विलंब आणि विचार

तपासणीची दुसरी बाजूही आहे. आराखडा तपासणीतून सुधारून येईपर्यंत कर्जावरील व्याज चढत राहते, मजुरी वाढते आणि हा भार शेवटी घर किंवा गाळा घेणाऱ्यावर पडतो. ‘सुंदर’ म्हणजे काय, यावर सदस्यांची आवड वेगवेगळी असू शकते. शेजाऱ्यांचा विरोध कधी डोंगरासाठी असतो, तर कधी नवी माणसे जवळ येऊ नयेत यासाठी असतो, आणि दोन्ही वेळा भाषा मात्र सौंदर्याचीच असते. घरांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जात असताना या आक्षेपांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

२०२४ साली ॲरिझोना राज्याने यासंबंधी कायदा केला. ३० हजार व त्याहून अधिक लोकवस्तीच्या नगरांनी रचनेच्या आराखड्यांची तपासणी वस्तुनिष्ठ निकषांवर, जाहीर सुनावणीवाचून, प्रशासकीय कर्मचाऱ्यांकडे सोपवावी, असे त्यात ठरले. व्यावसायिकाला यात दिलासा आहे. नियम आधी लिहिलेला असेल, तर कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही आणि वेळ वाचतो. पण ३५ टक्क्यांचे माप लिहून ठेवता येते, तसे ‘ही भिंत उभी राहिली तर शाळेच्या मैदानातून डोंगर दिसणार नाही’ हे नेहमी लिहून ठेवता येत नाही. ते सांगायला त्या मैदानावर रोज जाणारा माणूस लागतो, आणि सुनावणी ही त्याची जागा होती.

यापुढे अशा नगरांना आपले निकष अधिक नेमके लिहावे लागतील आणि नागरिकांना आपले म्हणणे आराखडा येण्यापूर्वीच, नियम घडत असताना मांडावे लागेल. घर बांधणाऱ्यालाही आपल्या जमिनीवरचा सग्वारो कोठे ठेवायचा, हे पहिल्या नकाशातच ठरवावे लागेल. त्या निवडुंगाला हात फुटतील, तेव्हा आजच्या मालकाची नातवंडे वृद्ध झालेली असतील आणि घर कदाचित दुसऱ्याच कोणाच्या नावावर असेल.