सरणी-सूत्रांची दुरुस्ती

एका ग्रंथालयाने पाच पुस्तकांच्या काही प्रती विकत घेतल्या आहेत, असे समजू. संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजेच स्प्रेडशीटमध्ये, ‘बी’ स्तंभाच्या दुसऱ्या ते सहाव्या ओळींत प्रतींची संख्या अनुक्रमे ४, ६, ३, १० व २ अशी मांडली आहे. शेजारच्या ‘सी’ स्तंभात एका प्रतीची किंमत ५०, ४०, १२०, २५ व २०० रुपये अशी आहे. एकूण खर्च काढावयाचा तर प्रत्येक ओळीतील गुणाकार करून पाचही गुणाकारांची बेरीज घ्यावयास हवी. हे सारे काम एकच सूत्र करू शकते: =सम(बी२:बी६*सी२:सी६). (संगणकावर ही अक्षरे रोमन लिपीत लिहावी लागतात.) उत्तर १,४५० रुपये येते.

येथे गुणाकार दोन संख्यांचा नसून संख्यांच्या दोन रांगांचा आहे. अशा क्रमाने मांडलेल्या संख्यासमूहास ‘सरणी’ किंवा ‘ॲरे’ म्हणतात आणि त्यावर चालणाऱ्या सूत्रास सरणी-सूत्र. एक्सेलच्या २०१९ पर्यंतच्या आवृत्त्यांत असे सूत्र लिहून झाल्यावर नुसती एंटर कळ दाबून भागत नाही. कंट्रोल व शिफ्ट या कळा दाबून धरून मग एंटर दाबावी लागते. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही हीच रीत आहे. मग सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप उमटतात. ते कंस हाताने लिहावयाचे नसतात. लिहिल्यास संगणक त्या मजकुरास सूत्र मानीत नाही.

खरी चूक घडते ती दुरुस्तीच्या वेळी. सूत्र बदलण्यासाठी उघडताच एक्सेलमध्ये महिरपी कंस नाहीसे होतात. बदल करून सवयीने नुसती एंटर दाबली, तर ते साधे सूत्र बनते. मग जुना एक्सेल पूर्ण रांग न घेता, सूत्र ज्या ओळीत असेल त्याच ओळीतील संख्या उचलतो. आपले सूत्र चौथ्या ओळीत असेल, तर ३ गुणिले १२० म्हणजे ३६० एवढेच उत्तर येईल. सूत्र आठव्या ओळीत असेल, तर ‘#व्हॅल्यू!’ अशी चुकीची खूण तरी दिसेल. पहिला प्रकार अधिक घातक होय. कारण कोणतीही सूचना न मिळता १,०९० रुपयांचा खर्च हिशेबातून गळून जातो. म्हणून दुरुस्तीनंतरही तीच तीन कळांची जोडी वापरावी आणि कंस परत आले की नाही, हे पहावे.

कित्येकदा एकच सरणी-सूत्र अनेक घरांत पसरलेले असते. त्यांपैकी एकच घर बदलू लागल्यास सरणीचा भाग बदलता येत नाही, असे संगणक बजावतो. अशा वेळी एस्केप कळ दाबून बाहेर पडावे. नंतर कंट्रोल व तिरकी रेघ (/) या कळांनी संपूर्ण सरणी निवडावी, एफ२ दाबून सूत्र सुधारावे आणि तीन कळांनी ते पक्के करावे. सरणी लहान करावयाची असल्यास सूत्राची नक्कल काढून ठेवून सर्व घरे पुसावी व कमी घरांत ते पुन्हा घालावे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ यांत ही रीत सोपी झाली आहे. तेथे नुसती एंटर पुरते व उत्तरे आपोआप शेजारच्या घरांत पसरतात. दुरुस्ती मात्र पहिल्याच घरात करावी लागते. पसरण्याच्या वाटेत एखादे घर भरलेले असल्यास ‘#स्पिल!’ ही खूण दिसते. ते घर रिकामे केले की उत्तरे उमटतात. जुन्या तक्त्यांतून आलेल्या, महिरपी कंस असलेल्या बहुघरी सूत्रांना मात्र पूर्वीचेच नियम लागू राहतात.

यंत्र आज्ञा पाळते. आपला हेतू त्यास कळत नाही. म्हणून सूत्रास हात लावल्यावर दोन-चार लहान संख्या घेऊन उत्तर कागदावर पडताळून पहावे. या कामास दोन मिनिटे लागतील, पण हिशेब विश्वासास पात्र राहील.