चक्करेचं मूळ मानेत शोधू नका

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरात, किंवा खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही कामगार वस्तीत, ‘चक्कर येते’ म्हणून माणूस दवाखान्यात गेला की पुढचा क्रम बराचसा ठरलेला असतो. बीपी बघायचं, मानेचा एक्स-रे काढायचा, ‘मणक्यात गॅप आहे’ असं ऐकायचं, गळ्यात पट्टा घालायचा, चक्करेच्या गोळ्या सुरू करायच्या आणि फार गळून गेल्यासारखं वाटत असेल तर एक सलाईन. या प्रत्येक पायरीमागे एक समजूत आहे आणि त्यातल्या बहुतेक पुराव्यापुढे टिकत नाहीत. चक्करेची बरीचशी कारणं पहिल्याच दवाखान्यात, यंत्राशिवाय, नीट विचारलेल्या चार प्रश्नांनी आणि एका पलंगावर ओळखता येतात, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात घट्ट रुजलेली समजूत मानेची. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेचा एक्स-रे काढला, तर मणक्यांची थोडीफार झीज बहुधा दिसतेच. ती केस पिकण्यासारखी वयाची खूण आहे. ज्यांना आयुष्यात कधी चक्कर आली नाही, त्यांच्याही एक्स-रेत ती सापडते. म्हणजे झीज दिसली एवढ्यावरून चक्कर तिच्यामुळे आली असं म्हणता येत नाही. यावर रुग्ण सांगतो, ‘पण मान वळवली की गरगरतं.’ त्याचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकतो. मान वळते तेव्हा डोकंही फिरतं, आणि तोल सांभाळणारं इंद्रिय डोक्यात आहे, कानाच्या अगदी आतल्या भागात. अंथरुणात कूस बदलताना मान आणि धड बहुतेक एकत्रच वळतात, मानेला पीळ पडत नाही. तरीही गरगरत असेल, तर दोष मानेवर टाकायला आधार राहत नाही. पट्ट्याने थोडा आराम वाटतो, कारण डोकं हलणंच कमी होतं. मूळ दुखणं मात्र जागच्या जागी राहतं.

ते मूळ दुखणं अनेकदा कानातल्या कणांचं असतं. वैद्यकात त्याला बीपीपीव्ही म्हणतात, आणि गरगरण्याच्या आजारांत ते सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे. आतल्या कानातल्या एका छोट्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. वर-खाली कुठे, हे मेंदूला कळायला त्यांची मदत होते. वयामुळे, डोक्याला मार बसल्यामुळे किंवा काहीच कारण न सापडता ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग झोपताना, उठताना, कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना कण घरंगळतात, नलिकेतला द्रव ढकलला जातो आणि डोकं थांबलेलं असूनही ते फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. कण तळाशी बसले की गरगर थांबते, म्हणून हा झटका साधारण मिनिटभरात ओसरतो. रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये त्याची चाचणी मांडली. रुग्णाला पलंगावर बसवायचं, मान एका बाजूला ४५ अंशांत वळवायची, पटकन आडवं करून डोकं कडेखाली किंचित लोंबतं ठेवायचं आणि डोळ्यांकडे बघायचं. कण त्या बाजूला असतील तर काही सेकंदांतच बुबुळं विशिष्ट पद्धतीने फिरत थरथरतात. तपासणी एवढीच.

उपचारही तिथेच, त्याच पलंगावर होतो. अमेरिकेतले कान-शल्यविशारद जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत डोकं आणि शरीर ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेतून मूळ पिशवीकडे परत आणले जातात. ‘नुसतं डोकं फिरवून आजार कसा बरा होईल?’ ही शंका स्वाभाविक आहे, पण उत्तर उपलब्ध आहे. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात खोटी हालचाल केलेल्या किंवा तुलनेसाठी ठेवलेल्या रुग्णांपैकी २१ टक्क्यांची चक्कर पूर्ण थांबली, तर एप्ली केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांची. सगळे बरे होत नाहीत आणि पुढे काही जणांना पुन्हा त्रास होतो, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा तीच हालचाल पुन्हा करायची. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या मोठ्या चाचणीत, ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर पुन्हा झटका येण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं. मानेचं गंभीर दुखणं असलेल्यांत मात्र ही हालचाल जपून करावी लागते, आणि पहिल्यांदा ती डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. व्हिडिओ बघून चुकीच्या बाजूने डोकं फिरवण्यात काही साधत नाही.

अर्थात प्रत्येक चक्कर कणांची नसते. ती कोणती हे ठरवताना ‘गरगरतं की अंधारी येते की तोल जातो?’ या प्रश्नावर फार भिस्त ठेवली जाते. डेव्हिड न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की काही मिनिटांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर निम्म्याहून अधिक रुग्ण वेगळं उत्तर देतात. त्यापेक्षा भरवशाचे प्रश्न वेगळे आहेत: किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, सोबत काय होतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आडवं असतानाचा आणि उभं राहिल्यानंतर तीन मिनिटांतला रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण हाती लागलं, आणि ते पुष्कळदा रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीत असतं. म्हणून ‘चक्कर आली म्हणजे बीपी वाढलं’ असं धरून गोळीचा डोस वाढवणं धोक्याचं आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. उदाहरण घ्यायचं तर, बजाजनगरच्या शेजारच्या छोट्या पंढरपुरात आषाढी एकादशीला शहरातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. उपवास धरून, मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी नेहमीसारखी घेऊन, रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्याला चक्कर आली, तर त्याला साखर आणि उभ्याचा रक्तदाब मोजून हवा, मानेचा एक्स-रे नको.

आणखी एक कारण सर्रास नजरेतून निसटतं: अर्धशिशीची चक्कर. ती पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकू शकते, आणि प्रत्येक वेळी डोकं दुखेलच असं नाही. उजेड किंवा आवाज सहन होत नाही, मळमळतं, पूर्वी अर्धशिशीचा त्रास असतो. झोपमोड आणि जेवणाच्या बिघडलेल्या वेळा तिला चाळवतात, म्हणून नाईट शिफ्ट आणि फर्स्ट शिफ्ट आळीपाळीने करणाऱ्या कामगाराला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अशा माणसाचे खाडे वाढत जातात आणि त्याच्या कागदावर ‘अशक्तपणा’ एवढंच लिहिलेलं असतं.

अशक्तपणा हे लेबल मला सगळ्यात जास्त खटकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे हिमोग्लोबिन तपासणं योग्यच आहे, पण कूस बदलताना येणारी गरगर लोह कमी असल्याने येत नाही. सलाईनने उलट्या-जुलाबांनी आलेली पाण्याची तूट भरून निघते, कानातले कण जागेवर जात नाहीत. गोळ्यांचंही तसंच. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या तीव्र गरगर आणि उलटी आवरायला दोन-तीन दिवस उपयोगी पडतात. पुढे त्या मेंदूला नव्याने तोल शिकू देत नाहीत, आणि वृद्धांनी महिनोन्‌महिने घेतल्या तर हातापायांना कंप, ताठरपणा अशी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. ‘मला बेटाहिस्टिनने बरं वाटतं’ असं अनेक जण सांगतात. त्यांना बरं वाटतं, यात शंका नाही. पण मेनिएर या आतल्या कानाच्या ज्या आजारासाठी ती मुख्यतः दिली जाते, त्याच्या २२१ रुग्णांवरच्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत नुसती साखरगोळी घेणाऱ्यांचे झटकेही तितकेच कमी झाले. झटके आपोआप ओसरतात आणि श्रेय गोळीला जातं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: पक्षाघात निसटला तर? ही भीती रास्त आहे. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर सुरुवातीला नुसती चक्कर असू शकते. पण या भीतीपोटी काढलेला सीटी स्कॅन खोटा दिलासा देऊ शकतो. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात ताजा पक्षाघात सीटीने २६ टक्के आणि एमआरआयने ८३ टक्के रुग्णांत दाखवला. सीटी रक्तस्राव चांगला दाखवतो, लहान मेंदूतला ताजा अडथळा नाही. २००९ च्या एका अभ्यासात डोळ्यांच्या तीन हालचालींची तपासणी पहिल्या एमआरआयपेक्षाही अचूक ठरली. मात्र ती निष्णात तज्ज्ञांनी केली होती. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी तेवढ्यावर विसंबून रुग्णाला घरी पाठवावं असं मी म्हणणार नाही. तासन्‌तास न थांबणारी पहिलीच चक्कर, आधाराशिवाय उभं न राहता येणं, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, चेहरा किंवा हात लुळा पडणं, अचानक ऐकू न येणं, कधी नव्हे अशी डोकेदुखी किंवा मानदुखी, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं, यातलं एकही असेल तर क्लिनिकमध्ये वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून शहरातल्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

एवढं सगळं करायला गर्दीच्या ओपीडीत वेळ कुठे, असं डॉक्टर म्हणतील. पण डिक्स-हॉलपाइक आणि एप्ली मिळून दहा मिनिटं पुरतात, आणि त्याच रुग्णाच्या पुढच्या चार फेऱ्या वाचतात. दवाखान्यातला पलंग भिंतीपासून थोडा ओढून ठेवा, म्हणजे डोकं कडेखाली नेता येईल. रुग्णांनी चक्कर किती वेळ टिकली आणि तेव्हा काय करत होतो हे लिहून न्यावं, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवावीत, कारण सापडेपर्यंत शिडी, दुचाकी आणि चालू मशीनपासून दूर राहावं. आणि एक्स-रेची चिठ्ठी हातात पडण्याआधी विचारावं, ‘डॉक्टर, मला एकदा झोपवून तपासाल का?’