९७,०६२ जलसाठे, त्यांतले नैसर्गिक ५७४

महाराष्ट्रात ९७,०६२ जलसाठे आहेत. त्यांपैकी निसर्गाने घडवलेले ५७४, माणसाने बांधलेले ९६,४८८. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने देशातली पहिली जलसाठा गणना एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केली, त्यातले हे आकडे आहेत; संदर्भवर्ष २०१७-१८. टक्केवारीत नैसर्गिक साठ्यांचा वाटा ०.६ भरतो. देशात तो २२ टक्के आहे: २४,२४,५४० पैकी ५,३४,०७७. देशात साधारण दर पाच साठ्यांमागे एक नैसर्गिक, तर महाराष्ट्रात दर १६९ मागे एक.

राज्याचा बराचसा भाग बेसाल्टच्या पठाराचा, पाऊस चार महिन्यांचा. पाणी साठेल अशा खोलगट जागा मुळात थोड्या. लोणारसारखे सरोवर तयार व्हायला उल्का पडावी लागली. बाकी पाणी माणसांनी अडवले: तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाने, मालगुजारांनी, पाटबंधारे खात्याने, रोजगार हमीच्या मजुरांनी. याचा अर्थ सरळ आहे. महाराष्ट्रात तळ्याकाठचा पक्षी, बेडूक, चतुर किंवा गोड्या पाण्यातला मासा जगणार असेल, तर तो बहुतांशी बांधलेल्या पाण्यात जगेल.

कायदा याच ठिकाणी वेगळे म्हणतो. २६ सप्टेंबर २०१७ रोजी अधिसूचित झालेल्या पाणथळ संवर्धन नियमांच्या व्याख्येतून नदीपात्रे वगळली आहेत, भातखाचरे वगळली आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत, आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेली कामेही. ९६,४८८ पैकी नेमकी किती या वगळणुकीत बसतात याची बेरीज गणनेत नाही. पण मानवनिर्मित साठा बांधण्याची कारणे काढू लागलो, तर या यादीबाहेर थोडीच उरतात.

दुसरी चाळण आकाराची आहे. इस्रोच्या अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने २००६-०७ च्या उपग्रह चित्रांवरून देशाचा पाणथळ नकाशासंग्रह केला. तो २०११ मध्ये आला. त्यात २.२५ हेक्टरहून मोठ्या पाणथळ जागा २,०१,५०३ होत्या आणि त्याहून लहान ५,५५,५५७. लहानांची नोंद नकाशावर नुसत्या ठिपक्याने झाली, सीमारेषेने नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये संरक्षण दिले ते या २,०१,५०३ जागांना. नंतरच्या मोजणीत त्यांची संख्या २,३१,१९५ झाली, म्हणजे २९,६९२ ने वाढली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना त्यांची प्रत्यक्ष पडताळणी व सीमांकन तीन महिन्यांत पूर्ण करायला सांगितले. आता गणनेकडे परत येऊ. तिच्यानुसार देशातल्या ७२.४ टक्के साठ्यांचा पाणपसारा अर्ध्या हेक्टरहून, म्हणजे साधारण सव्वा एकराहून कमी आहे. आणखी १३.४ टक्के अर्धा ते एक हेक्टर. दोन्ही मिळून ८५.८ टक्के. गणना आणि नकाशासंग्रह यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, त्यामुळे एकातून दुसरा वजा करता येत नाही. तरी एवढे म्हणता येते की गणनेतल्या दर सात साठ्यांपैकी किमान सहा साठे २.२५ हेक्टरच्या रेषेखाली आहेत.

व्याख्येच्या फरकाने किती अंतर पडते हे महाराष्ट्राच्या दोन आकड्यांत दिसते. नकाशासंग्रहात राज्यातल्या पाणथळ जागा ४४,७१४, त्यांत नद्या आणि खाड्याही धरलेल्या. क्षेत्र १०,१४,५२२ हेक्टर, राज्याच्या भूभागाच्या ३.३ टक्के. गणनेत नद्या, ओढे, झरे, कालवे धरलेले नाहीत, तरीही आकडा दुपटीहून मोठा. कारण तिथे बंधारे आणि पाझर तलाव आहेत. जलसंधारणाच्या कामांत महाराष्ट्र देशात पहिला आहे, जसा तळ्यांत पश्चिम बंगाल, टाक्यांत आंध्र प्रदेश आणि सरोवरांत तमिळनाडू.

नकाशासंग्रहातल्या १०.१५ लाख हेक्टरांपैकी आंतरराष्ट्रीय दर्जाच्या रामसर यादीत आहेत ८,३८५ हेक्टर, म्हणजे ०.८३ टक्के. जागा तीन: नांदूर मधमेश्वर (२०१९, १,४३७ हेक्टर), लोणार (२०२०, ४२७ हेक्टर), ठाण्याची खाडी (२०२२, ६,५२१ हेक्टर). तमिळनाडूत अशा जागा वीस आहेत. गोव्यात एक, कुडचड्याजवळचे ४२ हेक्टरांचे नंदा तळे.

तिन्हींपैकी नांदूर मधमेश्वरकडे थांबून पाहायला हवे, कारण राज्यातली ती पहिली रामसर जागा आहे आणि ती बंधाऱ्याने झाली आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कालव्यांसाठी बंधारा बांधला गेला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती आल्या, बेटे तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे साठवण क्षमतेतली घट. बदकांच्या, करकोच्यांच्या आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणपक्ष्यांच्या हिशेबात तीच खाण्याची जागा. रामसर नोंदीनुसार इथे ५३६ जातींचे जीव आहेत. देवळाली परिसरावरून नाव मिळालेला, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरचा एक छोटा मासाही त्यांत आहे. १९८६ मध्ये अभयारण्य आणि २०१९ मध्ये रामसर यादीत नाव, म्हणून ही जागा कायद्याच्या संरक्षणात आली. तिच्यासारखाच उथळ, गाळाने भरलेला, पण अधिसूचित न झालेला बंधारा आजही ‘सिंचनासाठीचे बांधकाम’ आहे.

उजनी धरणाचे आकडे आणखी विचित्र आहेत. एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ आणि मृत साठा ६३.६५. म्हणजे धरणातले ५४ टक्के पाणी दरवाजांच्या पातळीखाली, कागदावर ‘मृत’. उन्हाळ्यात बातम्यांमध्ये येणारे ‘उजनी वजा इतके टक्के’ म्हणजे हाच साठा उपसला जात असल्याची खूण. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली, म्हणजे मृत साठ्यातले २६ टीएमसीहून जास्त पाणी संपले. पण उजनीकाठच्या भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) याच पाण्यावर येतात. पाणी ओसरते तशी चिखलाची पट्टी उघडी पडते. तिच्यावर पक्षी उतरतात, गाळपेर होते, कडेला मासेमारांच्या होड्या असतात. मृत साठा हा उजनीचा सर्वांत जास्त जीव असलेला भाग आहे. तो उपसायचा की नाही या निर्णयात शेती, शहरे आणि कारखाने मोजले जातात. त्या पाण्यातल्या जिवांसाठी किती टीएमसी राखायचे हा आकडाही तिथे मांडला गेला पाहिजे.

गोंदिया आणि भंडाऱ्यात दोन वगळणुकी एकाच पक्ष्यावर येऊन पडतात. पूर्व विदर्भात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांहून जास्त आहेत. कोहळींच्या हाताने घडलेली ही तळी धानासाठी होती. मालगुजारी संपली आणि १९५० नंतर ती सरकारकडे गेली. महाराष्ट्रातले सारस जवळपास सगळे याच पट्ट्यात आहेत. अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या पन्नासच्या आत आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटीची स्वतःहून दखल घेतली. सारस घरटे बांधतो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला. बांधी हे भातखाचर आहे, तलाव हे सिंचनाचे बांधकाम आहे. व्याख्येत दोन्ही नाहीत. याच तलावांवर ढिवर कुटुंबांची मासेमारी आणि भोवतालच्या गावांचे धान अवलंबून आहे, म्हणून इथे पक्ष्याचे हित आणि माणसाचे हित यांची वजाबाकी करता येत नाही. तलावात पाणी टिकले तर दोन्ही टिकतात.

ठाण्याच्या खाडीत अडचण हद्दीची आहे. रामसर क्षेत्र ६,५२१ हेक्टर, त्यातले २०१५ मध्ये जाहीर झालेले रोहित अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टर. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की चिखल बुडतो आणि पक्ष्यांना टेकायला उथळ पाणी लागते. ते आहे नवी मुंबईच्या तळ्यांत, अभयारण्याच्या बाहेर. त्यांपैकी नेरूळचे डीपीएस तळे ३० एकरांचे, म्हणजे १२ हेक्टरांचे. खाडीच्या रामसर क्षेत्राच्या ०.२ टक्के. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीच्या तासांत मात्र ही १२ हेक्टर जागा अपरिहार्य ठरते. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ती संवर्धन राखीव करण्याचा निर्णय घेतला.

गणनेच्या बाकीच्या रकान्यांकडे सावधपणे पाहावे. देशात ३८,४९६ साठ्यांवर, म्हणजे १.६ टक्क्यांवर, अतिक्रमण नोंदले गेले. त्यांतले १५,३०१ एकट्या उत्तर प्रदेशात. हा वाटा सुमारे ४० टक्के. महाराष्ट्रात २५१. पश्चिम बंगालमध्ये साठे ७,४७,४८०, देशाच्या ३१ टक्के. एकट्या दक्षिण चोवीस परगण्यात ३.५५ लाख, महाराष्ट्राच्या साडेतीन पटींहून जास्त. तिथे नोंदले गेलेले अतिक्रमण शून्य. साडेसात लाख तळ्यांपैकी एकावरही कुणी भराव टाकला नाही, असा या शून्याचा अर्थ घेणे कठीण आहे. नोंद झाली नाही, हा अर्थ जास्त जवळचा. महाराष्ट्राचे २५१ वाचतानाही हे लक्षात ठेवावे.

तसाच ‘वापरात’चा रकाना. देशात ८३.७ टक्के साठे वापरात आहेत, ३,९४,५०० नाहीत. महाराष्ट्रात वापराचे प्रमाण ९८.९ टक्के. यातला काही भाग साठ्यांच्या प्रकारातून येतो, कारण बंधाऱ्याने पाणी जमिनीत मुरवले की त्याचे काम झाले. दिवाळीनंतर कोरडा पडणारा बंधाराही वापरात असू शकतो. विहिरींना त्याचा उपयोग आहे, माशांना नाही.

माशांचा प्रश्न आला की उत्पादनाचा आकडा पुढे केला जातो. देशातल्या वापरातल्या साठ्यांचा पहिला उपयोग मत्स्यपालन आहे, सिंचन त्यानंतर. गोड्या पाण्यासह अंतर्देशीय मत्स्योत्पादन २०२२-२३ मध्ये १३१.१३ लाख टन होते, २०२३-२४ मध्ये १३९.०७ लाख टन झाले. एका वर्षात ६.१ टक्के वाढ. देशाच्या एकूण १८४.०२ लाख टनांपैकी हा वाटा ७५.६ टक्के. लाखो कुटुंबांचे उत्पन्न आणि ताटातली प्रथिने या आकड्यात आहेत. पण ही वाढ मुख्यतः बीज सोडून, खाद्य घालून वाढवलेल्या माशांची आहे. नदीतल्या रानमाशांबद्दल ती काही सांगत नाही.

त्यांच्याबद्दल सांगणारे आकडे उलट दिशेचे आहेत. जागतिक निसर्ग निधीच्या २०२४ च्या अहवालात १९७० ते २०२० या काळात गोड्या पाण्यातल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या, निरीक्षणाखाली असलेल्या समूहांची सरासरी घट ८५ टक्के आहे. जमिनीवरच्यांची ६९, समुद्रातल्यांची ५६. ही समूहांच्या आकारातली सरासरी घट आहे. शंभरातले ८५ प्राणी मेले असे तिचे वाचन चुकीचे ठरेल. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने मासे, खेकडे-झिंगे वर्ग आणि चतुर यांच्या २३,४९६ जाती तपासल्या, २४ टक्के धोक्यात निघाल्या. धोक्यातल्या जाती सर्वांत जास्त असलेल्या जगातल्या प्रदेशांत व्हिक्टोरिया आणि टिटिकाका सरोवरांबरोबर पश्चिम घाट आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा याच घाटातून निघतात.

आणि गणनेत नसलेल्या नद्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रतिलिटर ३ मिलिग्रॅमहून जास्त जैविक प्राणवायू मागणी असलेला नदीचा पट्टा प्रदूषित धरते. २०१८ मध्ये देशात असे ३५१ पट्टे होते, २०२२ मध्ये ३११, २०२५ च्या अहवालात २९६. महाराष्ट्रात अनुक्रमे ५३, ५५ आणि ५४, राज्यांत सर्वाधिक. देशाची संख्या सात वर्षांत ५५ ने घटली, राज्याची एकाने वाढली. देशातला वाटा १५.१ वरून १८.२ टक्क्यांवर गेला. महाराष्ट्रात तपासणी केंद्रे बरीच आहेत, त्यामुळे इथे प्रदूषण जास्त सापडते, हे खरे आहे. पण केंद्रे बरीच असण्याने पहिल्या क्रमांकाचा खुलासा होतो, सात वर्षे आकडा न हलण्याचा होत नाही. यादीतल्या मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी भीमेतून उजनीत, त्याच मृत साठ्यात जाते.

दुसऱ्या जलसाठा गणनेचे संदर्भवर्ष २०२३-२४ आहे. पहिल्या गणनेने प्रत्येक साठ्याचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्र घेतले होते, मत्स्यपालन हा उपयोग नोंदवला होता. पक्षी, रानमासे, काठावरच्या वनस्पती यांना रकाना नव्हता. ही माहिती दुसरीकडे आहे: सारसांची वन विभागाकडे, मासेमारी संस्थांची मत्स्यव्यवसाय विभागाकडे, पाण्याच्या प्रतीची प्रदूषण मंडळाकडे. अक्षांश-रेखांश जुळवले तर या नोंदी एकाच साठ्याखाली येतात. त्यासाठी नवा सर्वेक्षक नेमावा लागत नाही आणि नियमांची व्याख्या बदलेपर्यंत थांबावेही लागत नाही. सुरुवात गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरच्या मामा तलावांपासून करावी, कारण तिथे सारसांची संख्या एका पानावर मावते आणि एखाद्या तलावाचा बांध फुटला किंवा कड नांगरली गेली तर त्याचा परिणाम पुढच्याच गणनेत दिसतो.