दहा किलोमीटरची हौस

‘मॅरेथॉन कधी करणार?’ हा प्रश्न हौशी धावणाऱ्याला पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, कुठेही चुकत नाही. दहा किलोमीटर धावून घामाघूम परत आलेल्या माणसाला तर हमखास विचारतात. जणू दहा म्हणजे पास होण्यापुरते मार्क आणि खरी परीक्षा बेचाळीसची. मी बंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहते, आठवड्यातल्या तीन-चार सकाळी गटाबरोबर धावते आणि शर्यती करते त्या पाच आणि दहा किलोमीटरच्याच. हा आढावा छोट्या अंतरांची बाजू घेऊन लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकते.

या बाबतीत बंगळुरू नशीबवान म्हणायचं. मुंबईची मोठी शर्यत म्हणजे २००४ पासूनची मॅरेथॉन, दिल्लीची म्हणजे २००५ पासूनची अर्धमॅरेथॉन. या दोन्ही भरवणाऱ्या प्रोकॅम कंपनीने २००८ च्या मे महिन्यात बंगळुरूत शर्यत आणली, ती मात्र दहा किलोमीटरची. आधी सनफीस्टच्या आणि पुढे टीसीएसच्या नावाने ती ‘वर्ल्ड टेन-के’ म्हणून रुजली. त्यामुळे इथल्या धावणाऱ्याच्या मनात दहा किलोमीटरला स्वतःचा मान आहे. इतरत्र ती मॅरेथॉनच्या दिवशी हळूच उरकून घ्यायची पोटशर्यत असते; इथे तीच वर्षाची शर्यत. जगातले नावाजलेले धावपटू त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर धावतात. २०२२ साली केनियाच्या निकोलस किमेलीने हे अंतर २७ मिनिटं ३८ सेकंदांत कापलं आणि आयरीन चेप्टाईने ३० मिनिटं ३५ सेकंदांत. किमेलीचा हिशेब किलोमीटरला २ मिनिटं ४६ सेकंद असा होतो. आमच्या गटातले धडधाकट तरुण त्या वेगाने दोनशे मीटर धावतात आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहतात.

मराठी वाचकाला या शर्यतीबद्दल आपलेपणा वाटायला आणखी एक कारण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २००९ साली याच शर्यतीत ३४ मिनिटं ३२ सेकंदांची वेळ नोंदवली, आणि पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. नाशिकचीच संजीवनी जाधव इथे भारतीय महिलांमध्ये पहिली आली आहे. माणदेशातली ललिता बाबर बंगळुरूच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात सराव करून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय महिला धावण्याच्या वैयक्तिक ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचली होती. या मुली डोंगरातून, माळरानातून आल्या. आम्ही येतो ते बाराव्या मजल्यावरून, लिफ्टने.

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने मुंबईसारखी चिकचिक नाही, उन्हाळ्यातही पहाट सुसह्य असते. हवामानाचं हे कौतुक शहरभर लागू आहे. मारतहळ्ळीचं मात्र वेगळं. हा भाग धावण्यासाठी वसवलेला नाही. खरं तर चालण्यासाठीही नाही. एका बाजूला आउटर रिंग रोड आणि त्याच्या कडेच्या आयटी कंपन्या, दुसऱ्या बाजूला जुना विमानतळ रस्ता, मध्ये मारतहळ्ळीचा पूल. त्यात रिंग रोडवर मेट्रोचं काम. पहाटे पाचपासून पाण्याचे टँकर निघतात, सहापासून कंपन्यांच्या बसगाड्या, साडेसातनंतर जे निघतं त्याला वाहतूक म्हणायचं की वाळवण, ठरवता येत नाही. पदपथ म्हणजे गटारावर टाकलेल्या सिमेंटच्या लाद्या. त्यातली एखादी पाय पडताच डुलते, आणि ती कोणती ते गटातल्या जुन्या मंडळींना पाठ असतं. पुढचा माणूस काही न बोलता डाव्या हाताने खूण करतो आणि ती खूण मागेमागे सरकत जाते.

गटाचं पहिलं कारण हे असं रस्त्यावरचं आहे. सव्वापाचच्या अंधारात एकट्या बाईने मुन्नेकोळालच्या गल्लीतून धावायचं म्हणजे कुत्री, टँकर आणि माणसं, तिन्हींचा विचार करावा लागतो. दहा-बारा जण असले की कुत्रीही फार मनावर घेत नाहीत. प्रेरणा, शिस्त वगैरे मोठे शब्द नंतर येतात. उद्या कोपऱ्यावर पाच-सहा जण वाट बघत उभे असतील, ही लाज गजरापेक्षा जास्त काम करते.

अशा गटांचा या शहरातला इतिहास वीसेक वर्षांचा. ‘रनर्स फॉर लाइफ’ने २००७ मध्ये बंगलोर अल्ट्रा सुरू केली आणि लांब पल्ल्याच्या वेडाला घर मिळालं. प्रमोद देशपांडे यांचा जयनगर जॅग्वार्स आणि कांतीरवा स्टेडियमवर कोतंडपाणी यांचा पेसमेकर्स या गटांनी नोकरदार माणसाला शिस्तशीर प्रशिक्षण म्हणजे काय ते दाखवलं. ही मंडळी शहराच्या जुन्या, झाडांच्या भागातली. कब्बन पार्क आणि लालबाग ज्यांच्या उशाशी, त्यांना आमचं दुःख कळणार नाही. आउटर रिंग रोडचे गट नंतर आले. कंपन्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅपवर जमले, त्यामुळे त्यांच्यात तेलुगू, तमिळ, बंगाली, ओडिया, मराठी सगळे आहेत. बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. प्रशिक्षण देणारे सर कन्नड.

गुरुवारची सकाळ ही वेगाच्या सरावाची. ट्रॅक जवळपास नाही, म्हणून एईसीएस लेआउटमधल्या एका आतल्या रस्त्यावर मोजणीचं चाक फिरवून चारशे मीटर आखून घेतलेत. सुरुवातीला विजेचा खांब, शेवटी एका बंगल्याचं निळं फाटक. आधी वीस मिनिटं संथ पळून अंग तापवायचं. मग गुडघे उंच उचलत, टाचा मागे आपटत त्या रस्त्यावर जे काही चालतं, ते बघायला दूधवाला मिनिटभर थांबतो. त्यानंतर सहा वेळा चारशे मीटर, मध्ये दीड मिनिट हळूहळू पळत परत. ज्याला दहा किलोमीटर तासाभरात संपवायचे आहेत, त्याने प्रत्येक चारशे साधारण सव्वादोन मिनिटांत धरायचे. नवीन माणूस पहिली फेरी पावणेदोन मिनिटांत मारतो. पहिल्या फेरीला जो तो आपलं घोडं दामटतो. शिट्टी तोंडातून काढून सर ओरडतात, ‘निधाना, निधाना!’ म्हणजे सावकाश. ऐकतो कोण? चौथ्या फेरीला तोच माणूस निळ्या फाटकाच्या अलीकडेच चालायला लागतो. आमच्यात एक कोल्हापूरचे गृहस्थ आहेत. ते शेजारून जाता जाता म्हणतात, ‘काय ताई, आज गाडी रिझर्व्हला लागली व्हय?’ पाचव्या फेरीला त्यांचीही लागलेली असते. सहाही फेऱ्या एकाच वेळेत धावणारी आमच्यातली सगळ्यात पक्की धावक एक शाळेतली शिक्षिका आहे. तिच्याकडे धावण्याचं घड्याळ नाही. ती श्वास मोजते.

सराव असा तुकड्यातुकड्यांत करण्याची रीत नव्वद-शंभर वर्षं जुनी. जर्मनीत गेर्शलरने त्याला शास्त्रीय बैठक दिली. स्वीडनच्या गॉस्टा होल्मरने १९३० च्या दशकात जंगलातल्या वाटांवर वेग हवा तसा कमी-जास्त करत धावण्याची फार्टलेक पद्धत आणली. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने चारशे मीटरच्या न संपणाऱ्या फेऱ्या मारल्या आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हींची सुवर्णपदकं नेली. हौशी मंडळींच्या मनावर झाटोपेकची मोहिनी फार. माझ्या मते आमचा खरा मूळपुरुष मात्र दुसराच आहे.

तो म्हणजे न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड, ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा. त्याचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी ८०० आणि ५,००० मीटरची सुवर्णपदकं जिंकली. गंमत अशी की दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या ८०० मीटरसाठीही त्याने स्नेलला आठवड्यामागून आठवडे लांब अंतरं धावायला लावली. पुढे त्याने पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या सामान्य माणसांना एकत्र करून गप्पा मारता येतील इतक्या वेगाने पळवलं. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे गेले आणि अशाच एका रविवारी सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने त्यांना चढावर मागे टाकलं. बोवरमननी परत जाऊन ‘जॉगिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि अमेरिका पळायला लागली. नाइके कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक हेच.

लिडियार्डचं ते गप्पांचं सूत्र गटातच पाळता येतं. एकटी धावताना माझं लक्ष घड्याळाकडे असतं आणि संथ धावणंही आपोआप मधल्याच कुठल्यातरी वेगाला जाऊन बसतं. धड विश्रांती नाही, धड सराव नाही. बहुतेक हौशी धावक वर्षानुवर्षं याच मधल्या वेगात अडकलेले असतात. रविवारी जुन्या विमानतळ रस्त्याने एचएएलच्या भिंतीला धरून मुरुगेशपाळ्याकडे जाताना शेजारची बाई मुलाच्या दहावीचं सांगत असते, आपल्याला हुंकार द्यावा लागतो, आणि हुंकार देताना धाप लागत नाही इतपतच वेग राहतो. (हा रस्ता विमानतळाचा होता, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. पहिली वर्ल्ड टेन-के झाली त्याच मे २००८ मध्ये प्रवासी विमानं देवनहळ्ळीला गेली.) परतीच्या वाटेवर दर्शिनी उपाहारगृहात उभ्या उभ्या इडली-वडा आणि दोघांत एक कॉफी. किती उष्मांक जाळले आणि किती परत भरले याचा हिशेब कुणी करू नये.

आता शर्यत. पाच किलोमीटरची सोसायटीतली असो की शहराच्या मध्यात पोलिसांनी रस्ते बंद करून दिलेली, चूक सगळे एकच करतात. पहिला किलोमीटर. ढोल वाजत असतात, हजारो माणसं एकदम सुटतात आणि सहा मिनिटांचा माणूस सव्वापाचने जातो. वर्ल्ड टेन-केमध्ये उलसूर तलाव येईपर्यंत सगळे शूर. खरी शर्यत सहाव्या-सातव्या किलोमीटरला सुरू होते. मॅरेथॉनमध्ये चुकीला सावरायला वेळ असतो, पाचमध्ये चूक कळेपर्यंत शर्यत संपते. दहामध्ये ती बरोबर कळते आणि तरी चार किलोमीटर उरलेले असतात. पोटात बारीक कळ, घशाला कोरड, आणि डोक्यात एकच विचार, आपल्याला हे कुणी सांगितलं होतं. हे अंतर मला आवडतं ते याच चार किलोमीटरांसाठी.

शर्यत संपल्यावरचं हमखास भांडण म्हणजे ‘माझ्या घड्याळात १०.१५ दाखवतंय, मार्ग चुकीचा मोजलाय.’ मार्ग बहुधा बरोबर असतो. प्रमाणित शर्यतीचा मार्ग मोजतात सायकलने. तिच्या पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारं यंत्र बसवून, वळणांवर सगळ्यात आतली, सगळ्यात छोटी रेघ धरून. वर हजारात एक इतकं अंतर जादा धरतात, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर, की मार्ग कधी कमी भरू नये. आपण ती आतली रेघ सोडून पाण्याच्या टेबलाकडे, ओळखीच्या माणसाकडे, फोटोवाल्याकडे वाकडे जातो. वरचे दीडशे मीटर आपलेच.

छोट्या अंतरातून मोठ्याचा अंदाज बांधायचं एक सूत्रही धावणाऱ्यांत चालतं. अमेरिकन अभियंता पीट रीगल याने १९७७ मध्ये मांडलं: अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडी अधिक वाढते. पाच किलोमीटर तीस मिनिटांत धावणाऱ्याला दहासाठी साधारण साडेबासष्ट मिनिटं, आणि दहा एका तासात धावणाऱ्याला अर्धमॅरेथॉनसाठी सव्वादोन तासांच्या थोडं आत. आमच्याकडे बऱ्याच जणांचं दहाचं गणित चोख जमतं आणि अर्धमॅरेथॉनचं सपशेल फसतं, कारण आठवड्याला वीस-बावीस किलोमीटरच धावणं होतं. नोकरी, रिंग रोड आणि मुलांची शाळा सांभाळून तेवढंच होतं. तेवढ्यात दहा किलोमीटर नीट होतात. बेचाळीस होतात ते ओढूनताणून, आणि मग नडगी, टाच, गुडघ्याची बाहेरची बाजू यांपैकी काहीतरी बोलायला लागतं. गटातल्या दुखापतींचं मूळ मी तरी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पाहिलं आहे: पहिलं पदक गळ्यात पडल्यावर पंधरा दिवसांत भरलेला मॅरेथॉनचा अर्ज.

बायकांच्या बाबतीत छोट्या अंतरांनी जे केलं ते मॅरेथॉनला जमलं नसतं. मिलिंद सोमणने २०१२ मध्ये रीमा संघवींसोबत सुरू केलेली पिंकेथॉन ही फक्त बायकांची शर्यत. त्यात तीन किलोमीटरचाही गट. साडी नेसून, सलवार-कमीजवर बूट घालून बायका आल्या. तीन किलोमीटरला नाकं मुरडणारे तेव्हाही होते. त्या तीनमधून आलेल्या दोघी आज आमच्या गुरुवारच्या फेऱ्यांत आहेत, आणि त्यांतल्या एकीच्या मागे राहायची मला सवय झाली आहे.

वाईट गोष्ट अशी की छोट्या शर्यतीही आता छोट्या राहिलेल्या नाहीत. पाच किलोमीटरसाठी शुल्क, टीशर्ट, पदक, डीजे, झुंबा आणि केळी. कपाटात टीशर्टची चळत, त्यातला एकही घाम शोषत नाही. धावणं राहतं अर्ध्या तासाचं आणि सोहळा तीन तासांचा. याचं उलट टोक इंग्लंडमध्ये आहे. लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये २००४ च्या ऑक्टोबरात पॉल सिंटन-ह्यूइटने १३ धावक जमवून शनिवारची पाच किलोमीटरची धाव सुरू केली. तीच पुढे पार्करन झाली. दर शनिवारी, फुकट, मोजलेलं अंतर, वेळ लिहायला स्वयंसेवक, पदक नाही.

अशी धाव आमच्या बाजूलाही होऊ शकते. सर्जापूर रस्त्यावरच्या कैकोंड्रहळ्ळी तळ्याभोवतीची वाट सुमारे दोन किलोमीटरची आहे, म्हणजे अडीच फेऱ्यांत पाच किलोमीटर. शेजारच्या बेळ्ळंदूर तळ्यावर फेस आला, तो पेटला, २०१८ मध्ये आग विझवायला लष्कर आलं. कैकोंड्रहळ्ळीचं तळं मात्र आसपासच्या लोकांनी मागे लागून सुधारून घेतलं. महिन्यातून एका शनिवारी तिथे अशी धाव ठेवावी असं आमच्या गटात चाललं आहे. वेळ टिपायला फोन पुरतो, अंतर मोजायला आमचं चाक आहे. अडचण एकच: सकाळी तिथे फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी आणि पक्षी बघणारे. वाट अरुंद आहे, आणि तिच्यावर आधीचा हक्क त्यांचा. त्यांच्याशी बोलायला कोण जाणार हे ठरायचं आहे. कोल्हापूरकरांचं कन्नड सगळ्यांत बरं, म्हणून तूर्त त्यांचं नाव पुढे आहे.