गाऱ्हाणे ऐकणारा हवा!

दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याहून येणारी फेरीबोट लागली की मोटारी, दुचाक्या, मासळीच्या टोपल्या आणि माणसे यांचा एकच लोंढा बाहेर पडतो. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर बहामनी काळात एवढे नावाजलेले होते, की पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी येथे येऊन घोड्यांच्या व्यापाराची नोंद करून गेला. आज ती गजबज राहिलेली नाही. आदिलशाहीतली भव्य मशीद खाडीकडे पाहत उभी आहे, आणि चंडिकादेवी आपल्या गुहेत समईच्या उजेडात बसलेली आहे. बाहेरच्या लखलखीत उन्हातून आत शिरले की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू डोळे सरावतात आणि देवीचे रूप दिसू लागते.

या देवळात आणि त्या मशिदीत माणसे काय मागायला येतात, याची कोणी यादी केली तर ती मोठी उद्बोधक होईल. नोकरी, लग्न, मूलबाळ हे तर असणारच. पण त्या यादीत अशीही दुःखे निघतील, की ज्यांना आपल्या बोलीत धड नाव नाही. ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’, ‘कोणी तरी हाका मारतंय’. डॉक्टर याला उदासीनता म्हणेल, चिंताविकार म्हणेल, आणखी काही म्हणेल. गाव म्हणते, ‘बाहेरचं काही तरी असेल.’ आणि घरची माणसे पहिल्याने जातात ती देवाच्या दारी.

आम्ही शिकलेली मंडळी येथे चटकन हसतो. मीही हसत असे. माझे हसू कसे बंद झाले, ती हकिगत सांगतो.

माझा एक विद्यार्थी दाभोळ खाडीच्या काठच्या एका गावातला. त्याचे वडील मासेमारीच्या बोटीवर खलाशी. काही वर्षांपूर्वी एका वादळात त्यांची बोट रात्रभर भरकटली. माणसे सगळी सुखरूप परतली, पण या गृहस्थांचे मन काही किनाऱ्याला लागले नाही. झोप गेली, जेवण तुटले. समुद्राकडे तोंड करून बसायचे आणि ‘मी गेलो तर तुमचा भार हलका होईल’ असे पुटपुटायचे. बायकोने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले. पण मग कोणी तरी एका भगताचे नाव सांगितले. कोंबडे झाले, नारळ झाले, उतारे झाले, हातातल्या बांगड्या गेल्या. भगताने एक अट घातली होती : डॉक्टरचे औषध घ्याल तर माझा उपाय चालणार नाही. या अटीत दीड वर्ष गेले. एके पहाटे मुलाने वडिलांना धक्क्याच्या टोकावरून ओढून आणले.

त्या घराला वाट दाखवली ती कोणा सुधारकाने नव्हे, गावच्या म्हाताऱ्या गुरवाने. तो म्हणाला, ‘‘वयनी, डाक्टरकडं नको जाऊस असं देवी कवा बोलली? तिच्याच नावानं ने त्याला.’’

मग त्यांनी रत्नागिरी गाठली. फेरीबोटीने धोपावे, तेथून गुहागर, तवसाळहून जयगडची दुसरी फेरीबोट, आणि पुढे गाडी. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. एवढी जुनी सोय आपल्याच जिल्ह्यात असून ‘वेड्यांचे इस्पितळ’ या दोन शब्दांच्या भीतीने माणसे तिची पायरी चढत नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो त्या बाईला : ‘‘देवाला काय सांगितलंत?’’ ती गांगरली. मग गुरवाने घातलेले गाऱ्हाणे तिने जसेच्या तसे म्हणून दाखवले : ‘या लेकराची झोप कोणी नेली असेल, अन्नावरची वासना कोणी उडवली असेल, दर्याची भीती घातली असेल, जिवावर उदार केलं असेल, तर ती माघारी घे.’ डॉक्टर लिहून घेत होते. ते संपल्यावर म्हणाले, ‘‘मला जे जे विचारायचं होतं, ते सगळं यात आलं.’’

विद्यार्थी हे सांगत होता आणि मी मात्र थक्क होऊन ऐकत होतो. वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. गाऱ्हाणे हा लोकवाङ्मयाचा प्रकार म्हणून मुलांना सांगतो. पण ते दुःख मोजण्याचे साधनही आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. गाऱ्हाण्यात काय घडते पाहा. दुखणाइताला स्वतः बोलावे लागत नाही. त्याच्या वतीने दुसरा माणूस, चारचौघांसमोर, त्याचे दुःख नाव घेऊन सांगतो. आणि जमलेली माणसे एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणतात. म्हणजे, ‘आम्ही ऐकले, हे खरे आहे.’ समुपदेशनाची पहिली पायरी याहून वेगळी ती काय असते?

पण पहिली पायरी म्हणजे घर नव्हे. श्रद्धा माणसाला दारापर्यंत आणते. पुढे उपचार लागतात. ही सांगड तुटली की काय होते, ते तामिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. आपल्या महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा त्याने गुन्हा ठरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर रुग्णाला साखळीने बांधण्यास देशभर बंदी केली.

ही सांगड जुळवताही येते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८ साली एका सेवाभावी संस्थेने सरकारच्या साहाय्याने ‘दवा आणि दुवा’ असा उपक्रम काढला. मुजावरांनाच आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. भाविकाने दुवा मागावी, आणि मुजावराने त्याला आवारातल्याच डॉक्टरकडे पाठवावे. बेल्जममधल्या गील गावाची कथा याहून जुनी. संत डिम्फना हिच्या देवळात मध्ययुगापासून मनोरुग्ण येत. देवळात जागा पुरेना, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे मागे इस्पितळ उभे राहिले, पण घरे बंद झाली नाहीत. १९३० नंतरच्या दशकात तर साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे गावात राहत होते. यात्रेतून निघालेली ही रीत आजही तिथे टिकून आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या खेड्यात एवढे डॉक्टर आणायचे कोठून? याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तिथे १९९६ साली ‘संगत’ ही सेवाभावी संस्था निघाली. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या साध्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांना तिने आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. २०१० साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उदासीनता आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांपैकी, सरकारी केंद्रांत जिथे असा समुपदेशक होता तिथे सहा महिन्यांनी शेकडा ६६ जण बरे झाले होते. जिथे नव्हता तिथे सुमारे ४३. आणि ठाण्याला १९९० पासून चालू असलेल्या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी गीता-उपनिषदे आणि संतवाङ्मय यांचे आधुनिक मानसोपचाराशी असलेले नाते मराठीतून समजावून सांगत आले आहेत. म्हणजे ज्ञान आहे, माणसे घडवता येतात आणि भाषाही आपलीच आहे.

मग दाभोळसारख्या गावात काय करावे? देवळाचा गुरव, मशिदीचा इमाम, आशाताई आणि शाळेतला एखादा मास्तर, एवढ्यांना जरी आठ दिवस शिकवले, तरी पुष्कळ होईल. त्यांनी ऐकावे, लक्षण ओळखावे आणि वेळेवर पुढे पाठवावे. पथ्ये मात्र तीन पाळावीत : दुखणाइताकडून पैसा घेऊ नये, त्याला बांधू नये, आणि औषध तोडू नये. ज्याच्या श्रद्धेला ही पथ्ये जड जातात, त्याचा तो धंदा समजावा. कोठे जावे हे सुचेनासे झाले, तर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलीमानस’ची फुकट सेवा आहे. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते.

तो खलाशी आता पुन्हा बोटीवर जातो. रात्रीच्या फेरीला अजून जात नाही. गोळ्या चालू आहेत. त्यांची पुडी देव्हाऱ्यात, अंगाऱ्याच्या डबीशेजारी असते. मुलाने मला सांगितले, ‘‘सर, आई संध्याकाळी दिवा लावते, अंगारा लावते आणि मग गोळी देते. तो क्रम चुकलेला बाबांना खपत नाही.’’

डॉक्टरांनीच तो क्रम घालून दिला आहे म्हणे. मला तो पुरता शास्त्रीय वाटतो. या दिवाळीत तुमच्या आळीत एखादे घर गप्प गप्प दिसले, तर फराळाचे ताट घेऊन जरूर जा. पण ताट ठेवून लगेच उठू नका. घडीभर बसा, विचारा, ऐका. गाऱ्हाणे घालायला गुरव लागतो. ‘होय महाराजा’ म्हणायला मात्र शेजारीही चालतो.